चांगलं शिकवणाऱ्याला पुरस्कार द्यायचाय. निवडायचं कसं आणि द्यायचं काय?

सायबरचौक

आमच्या कॉलेजात (कोल्हापुरातलंच, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न, नाव विचारू नका) संस्थेने यंदापासून 'उत्कृष्ट अध्यापन पुरस्कार' सुरू करायचं ठरवलंय. २५,००० रुपये, सन्मानपत्र, शिक्षकदिनाला कार्यक्रम. निकष ठरवायच्या समितीत प्राचार्यांनी मला घातलंय. बहुधा त्या बैठकीला मी एकटाच वेळेवर पोचलो होतो म्हणून.

पहिला मसुदा हातात आला तो अकरा पानी. शोधनिबंध किती, पेटंट किती, परिषदेत निबंधवाचन किती, कुठल्या कुठल्या समित्यांवर काम केलं, किती फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅम केले, सगळं आहे. वर्गात काय चालतं याला अर्धं पान, तेही 'अध्यापनात वापरलेली आयसीटी साधने' या मथळ्याखाली. म्हणजे पीपीटी वाचून दाखवणारा पुढे आणि नुसत्या खडूवर तासभर मुलं धरून ठेवणारा मागे. मी म्हटलं, हा संशोधन पुरस्काराचा फॉर्म आहे, वरचं नाव तेवढं बदललंय. त्यावर एक सहकारी म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, शिकवणं मोजायचं कशानं?"

माझं मत सांगतो. चांगलं कोण शिकवतं हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक असतं. शिपाईमामांना विचारा, कुणाच्या तासाला बाकं भरतात ते सांगतील. अडतं ते कागदावर आणताना. आणि फाईल सजवायला ज्याच्याकडे वेळ असतो तो बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. म्हणून शिक्षकाकडून एकही कागद मागू नये, पुरावा समितीनं स्वतः फिरून गोळा करावा, असं मला वाटतं. काय बिघडेल त्यात? फोडून काढा.

शाहूपुरीकर

शाल, श्रीफळ आणि फेटा ठरलाय का? ते ठरलं की निम्मं काम झालं.

आता गंभीरपणे. अर्ज नको म्हणताय ते ऐकायला बरं वाटतं, पण दुसरी बाजू बघा. शाळेतल्या शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून देतात. पूर्वी नावं राज्य सरकारकडून जायची. २०१८ पासून शिक्षकानं स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा अशी पद्धत आणली. ज्याचं नाव पुढं करायला वर कुणी नाही, त्या आडगावच्या मास्तरालाही दार उघडं राहतं, हा त्यातला फायदा. तुम्ही म्हणताय समितीनं शोधायचं. म्हणजे समितीची मर्जी आली. आणि तुमच्या संस्थेत मर्जी कुणाची चालते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

सायबरचौक

मुद्दा लागला. म्हणजे नाव सुचवायचा हक्क कुणालाही हवा: विद्यार्थी, माजी विद्यार्थी, सहकारी, ऑफिसातले लोक. स्वतःचं नाव स्वतः द्यायलाही हरकत नाही. फक्त अकरा पानं नकोत.

भौतिकवाली

त्या अकरा पानांचं मूळ कुठं आहे ते सांगते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम काढून बघा. पदोन्नतीच्या तक्त्यात अध्यापनाचा रकाना असा आहे: नेमून दिलेल्यापैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. संपलं. तास झाला की नाही एवढंच बघतात. त्या तासात मुलांच्या डोक्यात काय गेलं याला जागाच नाही. शोधनिबंधाला मात्र विज्ञानात ८ गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत १०, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (त्या नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी किती दाखला दिला, त्याचा आकडा) वाढीव. सहयोगी प्राध्यापकावरून प्राध्यापक व्हायचं तर संशोधनाचे ११० गुण लागतात. आता शनिवारी दुपारी मी पहिल्या वर्षाच्या पोरांना व्हर्नियर कॅलिपर धड वाचायला शिकवत बसू की पेपर लिहू? मी दोन्ही करते, पण एकाचेच गुण मिळतात.

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीची, गंमत आणखी वेगळी. तिथं 'अध्यापन, अध्ययन आणि साधनसामग्री' या सदराला विद्यापीठांसाठी ३० आणि कॉलेजांसाठी ४० टक्के भार आहे. आत डोकावलं तर विद्यार्थीसंख्या, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, पीएच.डी. झालेले आणि अनुभवी शिक्षक किती, पैसा किती आणि कशावर खर्च झाला. हे सगळं लागतं, नाही असं नाही. पण वर्गाचं दार कुणीच उघडत नाही.

तुमच्या उपयोगाची एकच गोष्ट नॅकमध्ये, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेकडं, सापडेल. २०१७ च्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांना अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापनाच्या निकषाला १००० पैकी ३५० गुण होते, विद्यापीठांना २००. संशोधनाचं नेमकं उलट, विद्यापीठांना २५० आणि कॉलेजांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. कॉलेजचं मुख्य काम शिकवणं आहे हे नॅकनंच लिहून दिलंय. संस्थेपुढं हा आकडा ठेवा. नॅक म्हटलं की सगळे ताठ बसतात.

एसटीनं_येणारा

मी सध्या टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, कॉलेज सांगत नाही. फीडबॅकचं खरं चित्र सांगतो. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सीआर (वर्गाचा प्रतिनिधी) ग्रुपवर लिंक टाकतो आणि खाली लिहितो, "सगळ्यांनी ५ द्या, विषय संपवा." कॉलेजच्या मेलनंच लॉगिन करावं लागतं. इंटरनलचे मार्क सरांच्या हातात. कोण २ देणार?

विचारायचंच असेल तर आकडे विचारू नका. "या सरांमुळं / मॅडममुळं कुठला एक भाग डोक्यात बसला?" एवढंच विचारा. ज्याला आठवतंय तो चार ओळी लिहील. ज्याला आठवत नाही तो रिकामं सोडेल. रिकामं सोडलेलंपण मोजा की.

भौतिकवाली

सायबरचौक, ह्या पोराला समितीत घ्या.

हिंजवडीत_अडकलेला

विद्यार्थ्यांना विचारा म्हणताय, पण कधी विचारायचं?

आमच्या वेळी गणिताला एक सर होते. दर शनिवारी चाचणी, सोमवारी पेपर परत, आणि त्यात लाल शाईनं नुसता गोळा नाही तर "ही पायरी कुठून आली?" असं लिहिलेलं. आम्ही त्यांच्याविरुद्ध प्राचार्यांकडे सह्यांचं निवेदन दिलं होतं. दुसरे एक सर होते, विनोद सांगायचे, परीक्षेच्या आधी 'महत्त्वाचे प्रश्न' द्यायचे, गॅदरिंगला त्यांच्या नावानं शिट्ट्या पडायच्या. तेव्हा मत घेतलं असतं तर पुरस्कार कुणाला गेला असता? आणि आज इथं कोडमधली चूक शोधताना "ही पायरी कुठून आली" हाच प्रश्न मी स्वतःला विचारतो.

यावर अभ्यासही झालाय. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत विद्यार्थ्याला शिक्षक निवडता येत नाही, वाटप आपोआप होतं, आणि सगळ्या तुकड्यांची परीक्षा एकच. त्यामुळं तुलना स्वच्छ होते. कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तिथली आकडेवारी मांडली. ज्या शिक्षकांकडं मुलांना लगेचच्या परीक्षेत चांगले गुण पडले त्यांना मुलांनी मूल्यांकनातही भरभरून दिलं. पण त्याच विषयावर आधारलेल्या पुढच्या अवघड विषयात तीच मुलं मागं पडली. आधी ज्यांनी घाम काढला त्यांची मुलं पुढं टिकली. तेव्हा पास होऊन दोन-तीन वर्षं झालेल्यांना विचारा. मला फोन आला तर मी रात्री अकरालाही बोलेन.

तिसरा_तास

मूल्यांकनाचा विषय निघालाच आहे तर अवघड जागेचं बोलते. पुरुष सर कडक असले तर 'शिस्तप्रिय'. बाई कडक असली तर 'खडूस'. आमच्याकडच्या फीडबॅकमध्ये मला मिळालेल्या शेऱ्यांपैकी निम्मे साड्यांवर आणि आवाजावर होते. माझ्या शेजारच्या केबिनमधल्या सरांना त्यांच्या शर्टाबद्दल आजवर कुणी काही लिहिलेलं नाही, आणि शर्टाची अवस्था लिहिण्यासारखी आहे.

हेही नुसतं गाऱ्हाणं नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एक प्रयोग झाला, तो २०१५ मध्ये छापून आला. ऑनलाइन वर्ग, शिक्षक दोघं, एक पुरुष एक स्त्री. प्रत्येकानं एका गटाला स्वतःच्या नावानं आणि दुसऱ्या गटाला जोडीदाराच्या नावानं शिकवलं. शिकवणारं खरं कुणीही असो, पुरुषाचं नाव दिसलं तिथं गुण जास्त. पेपर तपासून परत द्यायला दोघांनी सारखाच वेळ घेतला होता, तरी तत्परतेलासुद्धा 'पुरुषा'ला जास्त गुण.

शिवाय विषय. सक्तीचा पेपर शिकवणारा आणि आवडीचा पेपर शिकवणारा यांची बरोबरी होत नाही. १२० मुलांना सकाळी साडेसातला सक्तीचं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला पाचपैकी साडेतीन पडले तर ते माझ्या मते साडेचारच आहेत. म्हणून एसटीवाल्याचं पटतं: आकडा नको, मजकूर घ्या. आणि समितीत किमान दोघी असू द्यात.

निवृत्त_मागचं_बाक

सर्वांचं वाचलं. राजाराम कॉलेज १८८० पासूनचं. तिथं ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवायचे, माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, फारसी शिकवायचे. आज फडके म्हटलं की लोक कादंबऱ्यांबद्दल बोलतात आणि माधव जूलियन म्हटलं की कवितांबद्दल. त्यांचा तास कसा असायचा हे ज्यांना माहीत होतं ती पिढी गेली, आणि सोबत ते शिकवणंही गेलं. छापलेलं राहतं, शिकवलेलं राहत नाही. पुरस्कारांचा ओढा छापलेल्याकडं का जातो याचं कारण मला एवढंच दिसतं.

आता कामाचं सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा विभागप्रमुख अधूनमधून न सांगता मागच्या बाकावर येऊन बसत. तास संपला की व्हरांड्यात चार वाक्यं बोलत. "उदाहरण आधी दिलंत, व्याख्या नंतर, ते बरं झालं." किंवा "डावीकडच्या तीन रांगा तुमच्या नाहीत, बघा जरा." कागदावर काही नाही. मी प्रमुख झाल्यावर तेच केलं. पुढं पुढं लोकांना तो अपमान वाटू लागला, मग बंद पडलं. तुमची समिती हे पुन्हा सुरू करू शकली तर पुरस्कार कुणालाही द्या, माझी हरकत नाही.

शाहूपुरीकर

काका, आदर आहेच, पण निरीक्षणाचं नाटक होतं हो. समिती येणार हे कळलं की त्या दिवशी सगळेच भारी शिकवतात. मुलांनाही आधी पढवून ठेवतात, "मी विचारलं की तू हात वर कर." शाळेत साहेब तपासणीला आले की काय व्हायचं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

निवृत्त_मागचं_बाक

शाहूपुरीकर, होतं नाटक. म्हणून मी तासापेक्षा दोन गोष्टी आधी मागवतो. एक, त्या शिक्षकानं मागच्या चार-पाच वर्षांत काढलेल्या अंतर्गत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. दोन, तपासलेल्या पंधरा-वीस उत्तरपत्रिका, त्याही मी निवडलेल्या, त्यानं निवडलेल्या नाहीत.

प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या की माणूस दिसतो. दर वर्षी तेच 'टिपा लिहा', तेच 'सविस्तर स्पष्ट करा', गाईडातल्या मथळ्यासकट? की दर वर्षी एक तरी प्रश्न असा आहे जो गाईडात सापडणार नाही आणि ज्यानं वर्गात लक्ष दिलंय त्याला जमेल? मी अर्थशास्त्राचा. एका सहकाऱ्यानं एकदा प्रश्न विचारला होता: "गूळ सौद्याला आवक वाढली तरी भाव उतरला नाही, याची दोन संभाव्य कारणे द्या." कोल्हापूरच्या पोराला बाजार समिती ठाऊक, गूळ ठाऊक, आणि मागणी-पुरवठा पाठ केलेला. ते तिन्ही एकत्र आणायला लावणारा हा प्रश्न ज्यानं काढला त्याचा तास मी न बघताच त्याला गुण देईन.

उत्तरपत्रिकांत बघायचं ते शेरा. नुसता आकडा आहे, की चूक कुठं झाली ते लिहिलंय? आणि कच्च्या पोराच्या पेपरवर काय लिहिलंय ते आधी वाचायचं. हुशार पोरावर मेहनत सगळेच घेतात. हे सगळं आधीच घडून गेलेलं असतं, त्यामुळं पुरस्कारासाठी आयत्या वेळी तयार करता येत नाही.

हिंजवडीत_अडकलेला

"ही पायरी कुठून आली?"

आवक_जावक

मी ऑफिसातला माणूस, शिकवत नाही, पण फायली माझ्याच टेबलावरून जातात. काका म्हणतात त्या उत्तरपत्रिका किती दिवस ठेवायच्या याचा नियम असतो, नंतर रद्दीत जातात. समितीनं जून-जुलैतच सांगून ठेवलं तर बाजूला काढता येतील. ऑगस्टमध्ये मागाल तर मिळणार नाहीत.

बक्षिसाबद्दल. अनुदानित कॉलेजात पगार सरकारचा, जादा वेतनवाढ संस्थेला देता येत नाही. "चांगल्या शिक्षकाचे तास कमी करा" असंही कुणीतरी म्हणेल, त्याआधीच सांगतो, तसं करू नका. कार्यभारावर पद मंजूर असतं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. ते कागदावर कमी झाले तर उद्या पदच अडचणीत येतं. आणि मुळात चांगलं शिकवतो म्हणून त्याचे तास कमी करणं हे पोरांना शिक्षा केल्यासारखं आहे.

पण तासाबाहेरचं जे लादलंय ते काढता येतं. प्रवेश समिती, नॅकचा एखादा निकष, परीक्षा विभाग, वेळापत्रक, ऑनलाइन माहिती भरणं. आमच्याकडं असं दिसतं की जो चांगलं आणि वेळेवर काम करतो त्याच्याच गळ्यात हे सगळं पडतं. एक वर्ष त्याला यातून मोकळं करा. प्राचार्यांच्या एका सहीचं काम आहे, खर्च शून्य.

भौतिकवाली

आवक_जावक, तुम्ही कुठल्या कॉलेजात आहात? बदली करून येते.

गडहिंग्लज_अप_डाऊन

वाचून बरं वाटलं, थोडं वाईटपण वाटलं. मी तासिका तत्त्वावर आहे, सीएचबी. दोन कॉलेजं, दोन गावं. मुलं सुट्टीतसुद्धा फोन करून शंका विचारतात. मागं एका कॉलेजात असाच पुरस्कार निघाला, विद्यार्थ्यांनी माझं नाव दिलं, आणि नियमात 'पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षक' असं असल्यामुळं ते बाजूला ठेवलं. कुणाची काही चूक नाही, नियम होता.

बरं, मिळाला असता तरी काय? सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी उमेदवारांची यादी लावायचा यूजीसीचा २०१८ चा तक्ता बघा. शिकवण्याच्या अनुभवाला जास्तीत जास्त १० गुण, वर्षाला २. कसं शिकवलं याला काही नाही, पाच वर्षं शिकवलं की झाले दहा. पुरस्कारांना गुण आहेत, राज्य पातळीला २, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीला ३. कॉलेजच्या पुरस्काराला शून्य. तरी मला तो हवा आहे. मुलाखतीत समोर बसलेल्यांना दाखवायला एक कागद तरी असेल.

शाहूपुरीकर

भावा, यावर मस्करी सुचत नाही.

लीड्सकर_मूळचा_पेठेतला

इंग्लंडमध्ये शिकवतो, म्हणून इकडचं थोडं. इथं २००० मध्ये राष्ट्रीय पातळीवर अध्यापन फेलोशिप सुरू झाली, पहिल्या खेपेला वीस जणांना प्रत्येकी ५०,००० पौंड. पुढं रक्कम उतरत गेली. २०१७ पासून सरकारनं विद्यापीठांनाच अध्यापनासाठी सुवर्ण, रौप्य, कांस्य असे दर्जे द्यायला सुरुवात केली. आधार काय, तर विद्यार्थ्यांचं समाधान, किती जणांनी मधेच सोडलं, पुढं नोकऱ्या किती लागल्या. वर्गात कुणी जात नाही, त्यामुळं भौतिकवाली यांचं गाऱ्हाणं इथंही तंतोतंत लागू आहे. विद्यापीठं मात्र बसवर 'गोल्ड' छापून मोकळी.

इथली खरी उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. बऱ्याच विद्यापीठांत अध्यापनाच्या वाटेनं प्राध्यापकपदापर्यंत जाता येतं. संशोधनाऐवजी अभ्यासक्रम कसा बदलला, सहकाऱ्यांना काय शिकवलं, हे दाखवायचं. पळवाट म्हणून नाकं मुरडणारे आहेतच. पण चांगलं शिकवण्याचं बक्षीस एका संध्याकाळच्या टाळ्यांत संपत नाही. आपल्याकडं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येसुद्धा उत्तम शिक्षकांना पुरस्कार, बढती आणि नेतृत्वाची संधी द्यावी असं म्हटलंय. कॉलेजच्या हातात बढती नाही हे खरं, पण अभ्यास मंडळावर नाव सुचवणं, नव्या शिक्षकांना त्याच्या हाताखाली देणं एवढं तर करता येईल.

रसायन_लॅब

आमचंबी ऐका की जरा. मी प्रयोगशाळा सहायक. मुलं प्रॅक्टिकलला चार चार तास माझ्यासमोर असत्यात. टायट्रेशनला रंग कधी बदलतोय ते डोळ्याला शिकवावं लागतं, फळ्यावर शिकवून येत नाही. ब्युरेट कशी धरायची, ॲसिड आधी का पाणी आधी, हे मी सांगतो. पुरस्कार सरांना. सरांबद्दल तक्रार नाही, सर स्वतःच स्टेजवर माझं नाव घेत्यात.

खासबागेत कुस्ती झाली की पैलवानाच्या नावासंगं तालमीचं नाव पुकारत्यात, वस्तादाचं पुकारत्यात. एकट्यानं कुणी पैलवान तयार करत नाही. तुमच्या पुरस्कारात विभागाचं नाव घाला, एवढंच.

तिसरा_तास

बरोबर. आणि यात एक धोकाही कमी होतो. पुरस्कार एकाला मिळाला की स्टाफरूममध्ये वर्षभर कुजबुज. "त्याला मिळाला, म्हणजे आम्ही झोपा काढतो का?" चांगला शिक्षक मग स्वतःच्या नोट्स कुणाला दाखवेनासा होतो, दाखवल्या तर 'आला शिकवायला'. विभागाच्या नावाचा वाटा असेल तर निदान आतल्या आत गाठी पडणार नाहीत.

एसटीनं_येणारा

एक विचारू का? आम्ही सरांबद्दल चार ओळी लिहिल्या तर त्या सरांना वाचायला मिळतात का? का समितीच्या कपाटात जातात?

सायबरचौक

दोन दिवस धागा वाचत होतो आणि मसुदा खोडत होतो. आता असा झालाय, एका पानात बसतो.

नाव कुणीही सुचवायचं, दीडशे शब्दांच्या आत, आणि त्यात एक तरी नेमका प्रसंग हवा: कुठला धडा, कुठलं प्रमेय, कुठलं प्रॅक्टिकल. 'प्रेमळ आहेत, तळमळीनं शिकवतात' एवढंच असेल तर चालणार नाही. शिक्षकाकडून काही मागायचं नाही, एक परवानगी सोडून, ती म्हणजे त्याच्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेले पेपर बघायची. पेपर समिती निवडेल, जुलैतच बाजूला काढून ठेवेल, विद्यार्थ्यांची नावं झाकून. मग पास होऊन दोन ते चार वर्षं झालेल्यांना फोन. त्यात नापास झालेले, कॉलेज सोडलेलेही घ्यायचे, हा आग्रह माझा. तासाला जाऊन बसणं ठेवलंय, पण गुणांकनाशिवाय, आणि काकांच्या पद्धतीनं नंतर व्हरांड्यात बोलायचं. काका, तुम्ही बाहेरचे सदस्य म्हणून याल का? मानधन नाही, चहा आहे.

पैशाचं: १०,००० शिक्षकाला, १५,००० विभागाला, आणि ते कशावर खर्चायचे ते प्रयोगशाळा सहायकांसह सगळ्या विभागानं ठरवायचं. एक वर्ष सगळ्या समित्यांतून सुटका. एकदा मिळाला की पाच वर्षं पुन्हा नाही.

आणि एसटीवाल्या, तुझ्या प्रश्नानं शेवटचं कलम घातलं. ज्यांची नावं आली त्या प्रत्येकाला, पुरस्कार मिळो न मिळो, त्याच्याबद्दल आलेला मजकूर लिहिणाऱ्याचं नाव काढून द्यायचा.

निवृत्त_मागचं_बाक

येतो. चहा साखरेविना.

शाहूपुरीकर

नापास झालेल्यांना फोन करायचा म्हणजे संस्था हबकणार बघा. पण माझं एक राहिलं. निवड झाली की कारणं नोटीस बोर्डावर लावा, चार ओळीत. कारण लिहावं लागलं की मर्जी चालवणं अवघड जातं. अशक्य होत नाही, पण अवघड जातं.

सायबरचौक

घालतो.

गडहिंग्लज_अप_डाऊन

सर, सीएचबीवाले?

सायबरचौक

पात्र आहेत. 'पूर्णवेळ' हा शब्द काढलाय. संचालक मंडळात कुणी परत घातला तर मी बैठकीत विरोध नोंदवून घेईन, एवढं नक्की.

आवक_जावक

सर, नुसता शब्द काढून भागत नाही. काढलेला शब्द टायपिंगला जुन्या फॉर्मवरून परत येतो. 'तासिका तत्त्वावरील शिक्षकांसह' असं ठरावाच्या शीर्षकातच लिहा, आणि ठरावाची एक प्रत त्याच दिवशी माझ्याकडं आवक करून घ्या. बैठकीची विषयपत्रिका पुढच्या आठवड्यात निघते. त्याआधी द्या, नाहीतर विषय दिवाळीनंतर जाईल.